जिन्याखालचा डबा

चंडीगढमध्ये दुकानाचा पत्ता सांगताना गल्ली, बोळ, मारुतीचे देऊळ असले काही येत नाही. आधी 'एससीओ' येते, मग आकडा, मग सेक्टर. एससीओ म्हणजे शॉप-कम-ऑफिस: खाली दुकान, वर कचेऱ्या, बऱ्याच ठिकाणी पोटात तळघर. वर राहायची सोय असेल तर ते एससीएफ, आणि एकमजली छोटा गाळा असेल तर बूथ. ही नावे नगररचनेच्या कागदांवरून थेट लोकांच्या तोंडी गेली आणि तिथेच राहिली. रिक्षावाल्याला दुकानाची पाटी सांगून उपयोग होत नाही, आकडा सांगावा लागतो.

शहराचा आराखडा ल कॉर्बुझिए यांनी १९५१ मध्ये हाती घेतला. आठशे मीटर रुंद आणि बाराशे मीटर लांब असे सेक्टर पाडले, रस्त्यांच्या पायऱ्या ठरवल्या आणि बाजारातल्या इमारतींचे दर्शनी चेहरेसुद्धा नियमांत बांधून टाकले. त्यांच्या आणि पिएर जानरे यांच्या हाताखालच्या भारतीय चमूत ए. आर. प्रभावळकर आणि जे. एस. देठे अशी दोन नावे होती. चंडीगढवरच्या मराठी लिखाणात ती फारशी भेटत नाहीत, म्हणून इथे नोंदवलेली बरी. या मंडळींनी दुकानदाराला ऊन लागू नये म्हणून व्हरांडा दिला, ग्राहकाला गाडी लावायला जागा दिली, पाटी कुठे लावायची तेही सांगितले. पन्नास वर्षांनी त्याच दुकानाला इंटरनेट लागेल आणि त्याची तार जिन्यातून वर चढेल, हे १९५१ मध्ये कुणाच्या मनात येण्याचे कारणच नव्हते.

म्हणून आज कुठल्याही जुन्या एससीओच्या जिन्याखाली वाकून पाहिले तर विजेच्या मीटरांच्या शेजारी खिळ्यावर टांगलेले तीन-चार डबे दिसतात. हिरवे दिवे लुकलुकत असतात, धूळ बसलेली असते, आणि कुठला डबा कोणत्या मजल्याचा हे फक्त केबलवाल्या पोराला ठाऊक असते. हेच राऊटर. दुकानदार त्याला मोडेम म्हणतो, नाहीतर 'वायफाय का डिब्बा'. आज तो हजार-दीड हजारात मिळतो. एके काळी त्याच कामाच्या यंत्राला स्वतंत्र खोली लागायची. मधल्या काळात किंमत उतरत गेली आणि पूर्वी किमतीत धरलेली कामे एकेक करून दुकानदाराच्या अंगावर आली: आधी इंजिनिअरचे, मग कुलपाचे, मग दुरुस्तीचे. छोट्या धंद्याने राऊटर कसा निवडावा, या प्रश्नाचा बराचसा इतिहास या तीन कामांचा आहे.

राऊटरचे मूळ काम सरळ आहे. माहितीची पाकिटे येतात, प्रत्येकावर पत्ता असतो, तो वाचून पाकीट पुढे कोणत्या तारेवर सोडायचे ते ठरवायचे. १९६९ मध्ये अमेरिकेच्या अर्पानेट या संगणकजाळ्यासाठी बीबीएन या कंपनीने हे काम करणारी पहिली यंत्रे बनवली. हनीवेलच्या संगणकावर उभारलेले ते माणसाच्या उंचीचे लोखंडी कपाट होते, वजन चारशे किलोंच्या घरात. पुढे स्टॅनफर्ड विद्यापीठात विल्यम येगर यांनी वेगवेगळ्या भाषा बोलणाऱ्या जाळ्यांना जोडणारी आज्ञावली लिहिली. तिच्याच आधारावर लेन बोसॅक आणि सँडी लर्नर या जोडप्याने डिसेंबर १९८४ मध्ये सिस्को काढली. गिऱ्हाईक म्हणजे विद्यापीठे, बँका, मोठे कारखाने. किराणा दुकान त्या हिशेबात नव्हते.

भारतात संगणकांचे जाळे आधी शिक्षणसंस्थांत आले. १९८६ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या मदतीने अर्नेट सुरू झाले. पाच आयआयटी, बंगळूरची विज्ञान संस्था, सरकारचा इलेक्ट्रॉनिक्स विभाग आणि मुंबईत जुहूचे एनसीएसटी अशा आठ जागा. एनसीएसटीचे श्रीनिवासन रमणी यांच्या गटाने जुहू आणि पवईची आयआयटी यांच्यात फोनच्या तारेवरून पत्रे पाठवली, तेव्हा मुंबईतल्या बहुसंख्य कचेऱ्यांत टेलेक्स खडखडत होता. सामान्य माणसासाठी इंटरनेट उघडले ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी, विदेश संचार निगमने. सुरुवात चार महानगरांत झाली. चंडीगढचे नाव त्या पहिल्या यादीत नव्हते. वैयक्तिक खात्याला अडीचशे तासांचे पाच हजार रुपये पडत, धंद्याच्या खात्याचा दर त्याच्या कितीतरी वर. वेग इतका की एक छायाचित्र उतरेपर्यंत चहा होऊन जाई.

या काळात ज्या कंपन्यांकडे खरा राऊटर होता, त्यांच्याकडे तो सांभाळणारा माणूसही होता. भाड्याची तार, राऊटर आणि वार्षिक देखभालीचा करार हे तिन्ही एकत्र यायचे. बिघडले की फोन करायचा, माणूस बॅग घेऊन यायचा. किंमत लाखांत जायची, पण त्या लाखांत तो माणूस धरलेला असायचा.

चंडीगढच्या वेशीवर, मोहालीत, दरम्यान वेगळेच काही चालले होते. १९७६ मध्ये केंद्र सरकारने सेमीकंडक्टर कॉम्प्लेक्स मंजूर केले. १९८४ मध्ये तिथे पाच मायक्रॉनच्या तंत्राने चिप बनू लागल्या. शेजारी पंजाब कम्युनिकेशन्स हा राज्य सरकारचा कारखाना टेलिफोन खात्यासाठी यंत्रसामग्री बनवत होता. ७ फेब्रुवारी १९८९ रोजी सेमीकंडक्टर कॉम्प्लेक्सला आग लागली आणि कारखाना जवळजवळ भस्मसात झाला. तो पुन्हा उभा राहीपर्यंत जगाची चिप तैवानला जाऊन बसली होती. आग लागली नसती तर आजच्या राऊटरच्या पोटात मोहालीची चिप असती, असे म्हणणे भाबडेपणाचे ठरेल; सरकारी कारखान्याला लागणारा पैसा आणि वेग कधीच पुरेसा नव्हता. तरी एवढे खरे, की सेक्टर २० च्या कॉम्प्युटर मार्केटपासून सात-आठ किलोमीटरांवर चिप बनत होती आणि त्या बाजारात विकला गेलेला प्रत्येक राऊटर परदेशी चिपेवर चालत होता.

१९९८ च्या शेवटी खासगी कंपन्यांना इंटरनेट विकायची मुभा मिळाली आणि सायबर कॅफे उगवले. चंडीगढ हे विद्यार्थ्यांचे शहर, शिवाय पंजाबातल्या घराघरांतून कुणीतरी कॅनडाला किंवा इंग्लंडला गेलेले. त्यामुळे कॅफेला गिऱ्हाइकाची ददात नव्हती. अडचण निराळीच होती. कनेक्शन एक, पत्ता एक, आणि बसलेली माणसे आठ.

इंटरनेटवर प्रत्येक यंत्राला क्रमांक लागतो आणि जुन्या पद्धतीचे क्रमांक मोजून सव्वाचारशे कोटींच्या आसपास. ते संपणार हे नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीलाच दिसू लागले होते. मे १९९४ मध्ये एगेवांग आणि फ्रान्सिस या दोघांनी एक तोडगा कागदावर मांडला. बाहेरच्या जगाला एकच क्रमांक दाखवायचा, आतल्या यंत्रांना खासगी क्रमांक द्यायचे, आणि दारावरच्या यंत्राने कोणाचे पाकीट कोणाला द्यायचे याची वही ठेवायची. एससीओत धंदा करणाऱ्याला हे समजावून सांगायची गरज नाही. टपाल एका आकड्यावर येते, आत पाच धंदे असतात, आणि जिन्यापाशी बसलेला चौकीदार कोणते पत्र कोणत्या मजल्यावर न्यायचे ते जाणतो. आतल्या खासगी क्रमांकांसाठी १९९४ मध्येच काही मालिका राखून ठेवल्या गेल्या होत्या. राऊटरच्या तळाशी चिकटवलेल्या कागदावर १९२.१६८ ने सुरू होणारा आकडा दिसतो, तो त्यांतलाच.

भारतीय कॅफेवाल्यांनी यासाठी सुरुवातीला डबा घेतला नाही. एका संगणकात मोडेम बसवायचा, त्यावर न्यूझीलंडमध्ये बनलेले विनगेट नावाचे सॉफ्टवेअर चढवायचे आणि बाकीचे संगणक त्याच्या मागे लावायचे. विंडोज ९८ च्या दुसऱ्या आवृत्तीत ही सोय आयतीच आली. तो एक संगणक बंद पडला की अख्खे कॅफे बसायचे. पण खर्च शून्य होता, आणि छोट्या धंद्यात शून्याशी स्पर्धा कोणालाच जमत नाही.

डबा शून्याच्या जवळ आणला तो कॅलिफोर्नियातल्या एका जोडप्याने. जेनी आणि व्हिक्टर त्साओ मूळचे तैवानचे. १९८८ मध्ये घराच्या गॅरेजमधून त्यांनी लिंक्सिस सुरू केली. २००० च्या आसपास त्यांचा चार तोंडांचा राऊटर दोनशे डॉलरच्या आत दुकानातल्या फळीवर आला. सिस्कोचे यंत्र विकत घ्यायला विक्रेता, करार आणि इंजिनिअर लागे; हा डबा पिशवीत घालून घरी नेता येई. मार्च २००३ मध्ये सिस्कोने लिंक्सिसच विकत घ्यायचे ठरवले, सुमारे पन्नास कोटी डॉलरना.

त्याच वर्षी एक मजेदार गोष्ट उघडकीला आली. लिंक्सिसच्या डब्ल्यूआरटी५४जी या निळ्या-काळ्या वायफाय राऊटरच्या पोटात लिनक्स होते. लिनक्स फुकट वापरता येते, पण ते घालून वस्तू विकली तर केलेले बदल जगाला खुले करावे लागतात, अशी त्याच्या परवान्याची अट. कंपनीने ते केले नव्हते. काही जाणकारांनी डबा उघडून पाहिले, बोंब केली, आणि कंपनीला आज्ञावली खुली करावी लागली. तिच्यातून २००४ मध्ये ओपनडब्ल्यूआरटी जन्माला आले. साठ-सत्तर डॉलरचा डबा आता महागड्या यंत्राची कामे करू लागला. कंपनीला हे फारसे परवडले नसावे, कारण २००५ मधल्या नव्या आवृत्तीत तिने स्मृती निम्मी केली आणि लिनक्स काढून टाकले. गिऱ्हाइकांची ओरड झाल्यावर जुन्या तऱ्हेचा डबा एक अक्षर वाढवून पुन्हा बाजारात आणला. स्वस्त राऊटरच्या इतिहासात गिऱ्हाइकाची सरशी झाल्याचे प्रसंग थोडे आहेत, हा त्यांतला एक.

भारतीय बाजारात मात्र लिंक्सिसपेक्षा डी-लिंक घरोघरी गेली, आणि तिची वाट गोव्यावरून जाते. मूळ कंपनी तैवानची, १९८६ ची. के. आर. नाईक यांनी नव्वदच्या दशकात तिच्याशी भागीदारी करून भारतातला धंदा उभा केला. वेर्णेच्या औद्योगिक वसाहतीत नेटवर्कचे कार्ड, मोडेम, स्विच बनू लागले. पुढे दोन्ही बाजू वेगळ्या झाल्या. नाईकांच्या स्मार्टलिंककडे केबल आणि जोडण्यांचा 'डिजिलिंक' हा उद्योग राहिला. तो २०११ मध्ये फ्रान्सच्या श्नायडर इलेक्ट्रिकने ५०३ कोटी रुपयांना घेतला. नाईकांनी त्यानंतरही 'डिजिसोल' नावाने राऊटरचा धंदा चालू ठेवला. डी-लिंकच्या भारतीय कंपनीचे नोंदणीकृत कार्यालय कुंडईला आहे. मंगेशी-म्हार्दोळच्या देवळांना जाणारे भाविक त्या वसाहतीच्या जवळून जातात. चंडीगढच्या काउंटरवर विकल्या गेलेल्या कित्येक डब्यांच्या खोक्यावर गोव्याचा पत्ता छापलेला असे, आणि ते खोके उचलणाऱ्या सरदारजींना गोवा म्हणजे समुद्रकिनारा एवढेच ठाऊक असे.

ऑक्टोबर २००४ मध्ये केंद्राचे ब्रॉडबँड धोरण आले. २५६ केबीपीएस आणि त्याहून वर म्हणजे ब्रॉडबँड, अशी त्यात व्याख्या होती, जी आज वाचताना हसू येते. जानेवारी २००५ मध्ये बीएसएनएलने डेटावन सुरू केले. फोनच्या जुन्याच तांब्याच्या तारेवर आवाज आणि इंटरनेट एकत्र धावू लागले, आणि टोकाला एक डबा बसला.

चंडीगढमध्ये बीएसएनएलला तोडीस तोड खासगी कंपनी होती. एचएफसीएल इन्फोटेलचे 'कनेक्ट'. पंजाबात आणि चंडीगढमध्ये तिने स्वतःच्या तारा टाकल्या होत्या, आणि चंडीगढ-मोहाली-पंचकुला या ट्रायसिटीतल्या अनेक छोट्या कचेऱ्यांचे पहिले ब्रॉडबँड तेच होते. पुढे ही कंपनी व्हिडिओकॉनच्या धूतांकडे आली आणि २०१० मध्ये तिचे नाव क्वाड्रंट टेलिव्हेंचर्स झाले. नोंदणीकृत कार्यालय कुठे, तर तेव्हाच्या औरंगाबादेत, अदालत रोडवरच्या ऑटोकार्स कंपाऊंडमध्ये. सेक्टर २२ मधल्या कापडवाल्याचे इंटरनेट बिल पाठवणाऱ्या कंपनीचा कागदोपत्री पत्ता मराठवाड्यात, ही गंमत त्या कापडवाल्याला बहुधा कधी कळली नाही.

या टप्प्यावर एक गोष्ट घडली आणि ती फारशी कोणाच्या लक्षात आली नाही. छोट्या धंद्याने राऊटर निवडलाच नाही. तो कनेक्शनबरोबर आला. बीएसएनएलचा लाइनमन हुआवे किंवा यूटीस्टारकॉमचा डबा घेऊन यायचा, भिंतीवर टांगायचा, दोन दिवे लागले की सही घेऊन जायचा. डब्याच्या आत शिरायचे नाव 'अ‍ॅडमिन' आणि परवलीचा शब्दही 'अ‍ॅडमिन'. तो बदला असे कोणी सांगितले नाही, आणि कोणी विचारलेही नाही. देखभालीचा करार गेला होता. त्याच्याबरोबर कुलूप लावणारा माणूसही गेला होता.

जानेवारी २००५ मध्येच केंद्राने २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी परवान्यातून मोकळ्या केल्या. तोवर वायफाय वापरायचे तर इमारतीच्या आत वगैरे अटी होत्या. आता ते कोणीही लावावे. कचेऱ्यांतून तारा निघाल्या, लॅपटॉप आले, आणि सिग्नल भिंतीबाहेर सांडू लागला.

तो सांडलेला सिग्नल २००८ मध्ये महाराष्ट्राला महाग पडला. २६ जुलैला अहमदाबादेत स्फोट झाले, त्याच्या काही मिनिटे आधी वृत्तवाहिन्यांना एक धमकीचा ई-मेल आला होता. पोलिसांनी माग काढला तो नवी मुंबईत सानपाड्याच्या एका घरापर्यंत, जिथल्या वायफायला कुलूप नव्हते. ऑगस्टमध्ये दुसरा ई-मेल आला, तो माटुंग्याच्या एका महाविद्यालयाच्या जाळ्यावरून. १३ सप्टेंबरला दिल्लीतल्या स्फोटांच्या वेळचा तिसरा, चेंबूरच्या एका छोट्या कंपनीच्या राऊटरवरून. तिन्ही ठिकाणच्या माणसांचा काही संबंध नव्हता. त्यांचा डबा उघडा होता, एवढेच. जानेवारी २००९ मध्ये मुंबई पोलिसांनी उघडे वायफाय शोधत गाड्या फिरवण्याची मोहीम जाहीर केली, आणि फेब्रुवारीत दूरसंचार खात्याने इंटरनेट कंपन्यांना सुरक्षिततेच्या सूचना काढल्या.

या प्रकरणाने देशभरच्या दुकानदाराला एक नवी गोष्ट कळली: डब्यातून काय गेले याचे उत्तर त्याच्या दारात मागितले जाणार. संगणक दुरुस्त करणाऱ्यांना अचानक 'वायफायला पासवर्ड लावून द्या' अशी कामे मिळू लागली. पण गोंधळ असा की पासवर्ड दोन असतात, एक वायफायला चिकटायचा आणि दुसरा राऊटरच्या आत शिरायचा. लोकांनी पहिला लावला. दुसरा 'अ‍ॅडमिन'च राहिला.

त्याची फेड २०१७ च्या उन्हाळ्यात झाली, आणि चंडीगढच्या व्यापाऱ्यासाठी ते वर्ष मुळातच अवघड होते. आधीच्या नोव्हेंबरात नोटाबंदी होऊन गेली होती. गल्ल्यावर कार्डाचे यंत्र आणि क्यूआर कोड आले होते. १ जुलैला जीएसटी लागू झाला. तोवर ज्याच्या दुकानात इंटरनेट म्हणजे मालकाच्या मुलाची चैन होती, त्याला विवरणपत्रासाठी दर महिन्याला संकेतस्थळावर जावे लागणार होते. तार तुटली तर दंड बसू शकत होता. छोट्या धंद्याला राऊटर खऱ्या अर्थाने 'लागला' तो इथून.

आणि त्याच जुलैच्या शेवटी बीएसएनएलचे मोडेम मरू लागले. सुरुवातीच्या तक्रारी मुख्यतः कर्नाटकातून आल्या. एका घातक आज्ञावलीने 'अ‍ॅडमिन' हाच परवलीचा शब्द ठेवलेले डबे हुडकून त्यांच्या आतली व्यवस्था पुसून टाकली होती. बीएसएनएलचा आकडा दोन हजारांच्या आसपासचा होता. सुरक्षातज्ज्ञांच्या वर्तुळात साठ हजारांची चर्चा होती. या आज्ञावलीच्या अनाम कर्त्याचा दावा असा, की असुरक्षित डबे दुसऱ्या कोणी हल्ल्यासाठी वापरू नयेत म्हणून तो ते आधीच निकामी करतो. हा परोपकार ज्याच्या दुकानात पोचला त्याला तो कितपत पटला असेल, ते सांगायला नको. बीएसएनएलने ग्राहकांना पासवर्ड बदलण्याचे आवाहन केले. बारा वर्षांपूर्वी लाइनमनने सही घेताना सांगायचे वाक्य अखेर पत्रकातून आले.

महिना उलटला नाही तोच चंडीगढवर वेगळे संकट आले. २५ ऑगस्टला शेजारच्या पंचकुल्यात डेरा सच्चा सौदाच्या प्रमुखाच्या खटल्याचा निकाल लागायचा होता. आदल्या दिवशी पंजाब, हरियाणा आणि चंडीगढमध्ये बहात्तर तासांसाठी मोबाइल इंटरनेट बंद करण्यात आले. जिओ येऊन वर्षही झाले नव्हते. स्वस्त डेटाच्या भरवशावर अनेकांनी तारेचे कनेक्शन सोडून सिमवर चालणारा छोटा हॉटस्पॉट घेतला होता, कारण तो खिशात मावतो आणि भाडे नाही. आदेश नेमका मोबाइल डेटावर आणि डाँगलवर होता. मार्च २०२३ मध्ये पंजाबात पुन्हा काही दिवस मोबाइल इंटरनेट थांबले. या भागातला माहितगार विक्रेता सिमवाला राऊटर एकटा घ्या असे सहसा म्हणत नाही. तारेला जोड म्हणून घ्या, असे म्हणतो. पुण्या-मुंबईच्या दुकानदाराला हा सल्ला नवखा वाटेल, त्याला दुसरी लाइन लागते ती रस्ता खणून तार तुटते म्हणून.

दोन लाइनींची सोय आता स्वस्त झाली आहे. टीपी-लिंक ही १९९६ मध्ये शेनझेनला निघालेली चिनी कंपनी. तिचा आर४७०टी हा बिनवायफायचा साधा डबा भारतातल्या कॅफे, वसतिगृहे आणि क्लासवाल्यांत बराच चालला, कारण त्यात एकाहून अधिक कनेक्शने लावता येत आणि एक बसले की दुसरे उचलून धरी. सेक्टर ३४ मधल्या स्पर्धा परीक्षांच्या आणि आयईएलटीएसच्या क्लासना नेमके हेच लागते. त्याच १९९६ मध्ये लाटव्हियाच्या रिगा शहरात मायक्रोटिक सुरू झाली. मोठ्या कंपन्यांच्या यंत्रांची कामे ती काही हजारांत करून देते. केबलवाले आणि छोटे इंटरनेट पुरवठादार तिच्यावर फिदा आहेत. अट एकच, चालवणाऱ्याला विषय कळला पाहिजे.

ती अट हलकी नाही. एप्रिल २०१८ मध्ये मायक्रोटिकच्या यंत्रात एक भोक सापडले आणि कंपनीने लगेच दुरुस्ती काढली. ज्यांनी ती चढवली नाही त्यांच्या राऊटरमध्ये शिरून चोरांनी आभासी चलन खणायला सुरुवात केली. त्या वर्षीच्या ऑक्टोबरात भारतात अशी सुमारे तीस हजार यंत्रे बाधित असल्याचे सुरक्षातज्ज्ञांनी मोजले. चांगला डबा घेतला, पण त्यावर पुन्हा हात फिरवणारा कोणी नव्हता. इंजिनिअर आणि कुलूप यांच्यानंतरचे तिसरे काम हे.

आता तांब्याची तार जाऊन काच आली आहे. लुधियानाच्या नेटप्लसपासून जिओ, एअरटेल आणि बीएसएनएलपर्यंत सगळे फायबर टाकतात, आणि टोकाला त्यांचाच डबा लावतात. बहुतेक कंपन्या तो दुरूनच सांभाळतात, दुरुस्तीही तिकडूनच चढवतात. म्हणजे १९९५ चा देखभालीचा माणूस वेगळ्या रूपात परत आला, फक्त किल्ली त्याच्याच खिशात असते. ज्याला सीसीटीव्ही, बिलाचा संगणक आणि ग्राहकांचे फुकट वायफाय एकमेकांपासून वेगळे ठेवायचे आहेत, त्याला कंपनीच्या डब्यामागे स्वतःचा राऊटर लावावा लागतो. छोट्या धंद्याची खरी निवड इथे सुरू होते आणि इथेच बहुतेक जण फसतात. दोनशे-तीनशे एमबीपीएसचा प्लॅन घेतात आणि त्यामागे हजार रुपयांचा असा डबा लावतात ज्याची तोंडे शंभरापुढे जातच नाहीत. मग कंपनीला शिव्या घालतात. गिगाबिट तोंडाचा राऊटर थोडा महाग पडतो, पण दर महिन्याला भरलेल्या पैशांचा वेग निदान दुकानात तरी येतो.

दुसरी फसगत शहराच्या बांधणीची आहे. कॉर्बुझिएंच्या काळातल्या जाड विटांच्या भिंती आणि काँक्रीटचे स्लॅब उन्हाला अडवतात तसे लहरींनाही अडवतात, आणि नव्या राऊटरची वेगवान ५ गिगाहर्ट्झची लहर तर एका भिंतीतच दमते. खोक्यावर काढलेले सहा अँटेना पाहून मोठा डबा घेणाऱ्याला तळघरात त्याचा उपयोग होत नाही. तिथे एक साधी केबल ओढून प्रत्येक मजल्यावर स्वस्त अ‍ॅक्सेस पॉइंट लावणे बरे पडते. सेक्टर २० चे जुने विक्रेते राऊटर दाखवण्याआधी किती मजले आणि भिंत कशी ते विचारतात. नवे विक्रेते बजेट विचारतात.

आणि विक्रेता बदलला तरी एक प्रश्न दोन्हीकडे येतोच: बिल पक्के की कच्चे? कच्च्यात डबा शे-दोनशे रुपयांनी खाली येतो, आणि कित्येकांचा हात तिकडे वळतो. पण राऊटरवर १८ टक्के जीएसटी आहे. दीड हजारांच्या मूळ किमतीवर तो २७० रुपये होतो, आणि नियमित नोंदणी असलेल्या व्यापाऱ्याला पक्क्या बिलावर ते क्रेडिट म्हणून परत मिळतात. कंपोझिशन योजनेत असलेल्याला मिळत नाहीत, त्याचा हिशेब वेगळा. त्याच बिलावर डब्याचा अनुक्रमांक लिहून घेतला नसेल तर वर्षभराने, वॉरंटी चालू असताना, सेवाकेंद्राच्या खिडकीवर बराच वाद घालावा लागतो.